तलावाकाठची वीस पावलं

५ नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतरची मंडई, गावची जत्रा, पार पडली. रात्री दंडारीच्या खेळात माझं प्रहसन लोकांनी दोनदा करायला लावलं. एक ढिवर मासेमारीचं जाळं खांद्यावर टाकून ठाण्यात जातो आणि गाईवर गुन्हा नोंदवतो — पाण्यात शेण टाकून मासे मारल्याचा. हवालदार म्हणतो, आरोपीला हजर करा. गाय हजर होते आणि हवालदाराच्या टेबलावरच पुरावा टाकते. लोक हसून लोळले.

पहिल्या रांगेत लच्छू आणि त्याची बायको रुखमा बसले होते. दुसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा त्या दोन जागा रिकाम्या.

असो. झोंबलं म्हणजे नेम बरोबर बसला.

७ नोव्हेंबर

बावीस वर्षं रोज सकाळी लच्छू माझ्याच घरची चरवी घेऊन दुधाला येतो. तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, आम्ही चहा पितो. तो मला गावच्या बातम्या देतो, मी त्या बिघडवून त्याला परत देतो. मासे निघाले की पळसाच्या पानात गुंडाळलेला एक रोहू माझ्या ओसरीवर.

आज मी उठायच्या आत चरवी आली. घासूनपुसून, कुंपणाच्या खुंट्यावर पालथी टांगलेली. लच्छू नाही.

चहा दोन कप केला होता. दोन्ही प्यालो.

८ नोव्हेंबर

झालं काय होतं ते लिहून ठेवतो. पुढेमागे माझी आठवण माझ्याच बाजूने साक्ष देईल, तिचा भरवसा नाही.

ऑक्टोबरात सलग चार दिवस आभाळ होतं. तलावाचं पाणी त्याआधी महिनाभर हिरवं — पालकाच्या भाजीसारखं. पाचव्या सकाळी मासे पालथे. रोहू, कतला, बोटभर ते हातभर. मरळ तेवढी जगली, तिला वर येऊन श्वास घेता येतो. लच्छू मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष. ढिवरांची पंचवीस घरं या तलावावर चालतात.

ग्रामसभेत तो मेलेला कतला हातात घेऊन उभा राहिला. म्हणाला, "खुशालच्या गाई दिवसभर पाण्यात राह्यते. त्याईनंच पाणी नासवलं."

मी म्हटलं, "ठीक हाय. गाईईले शौचालय बांधून देतो. सचिवसाहेब, अनुदानाचा फॉर्म काढा."

सभा जी हसली! सचिवाचं पेन पडलं. लच्छू तसाच उभा, हातात मासा. मग त्यावर मी घरी येऊन प्रहसन लिहिलं, कारण एवढा चांगला विनोद एकदाच वापरायचा म्हणजे नासाडी.

माझ्या नऊ गाई आहेत. संकरित. तलावात उभ्या राहायचं त्यांना कोणी शिकवलेलं नाही, आणि ढिवरांशी त्यांचं वैर नाही.

१९ नोव्हेंबर

बायकोचा, कमळाचा, नागपूरहून फोन. लेकीच्या, दिव्यानीच्या, बाळंतपणाला चाळीस दिवसांसाठी गेली होती, त्याला आता चौदा महिने झाले. नात रांगते, उभी राहते, आता बहुतेक मतदानाला जाईल.

"जेवलात का?"

"जेवलो."

"काय?"

"भात."

"आणि?"

"आणखी भात."

मग म्हणाली, "लच्छूभाऊसंग बोललात का?" हिला नागपुरात बसून सगळं कळतं. मी म्हटलं, तो बोलत नाही. ती म्हणाली, "मी विचारलं, तुमी बोललात का."

नेटवर्क गेलं असं मी म्हटलं. नेटवर्क चांगलं होतं.

२ डिसेंबर

पाळीवरून लच्छू गेला. मी म्हटलं, "थंडी हाय." तो थांबला नाही. थंडी होती.

११ डिसेंबर

लसीकरणाला पशुधन पर्यवेक्षक पुनम आली. चुणचुणीत पोर. तिला प्रहसनाचा किस्सा सांगितला. हसली नाही. पहिलीच.

म्हणाली, "काका, गाय दिवसात दहा-बारा डाव शेण टाकते. कुठी टाकते, पाह्यलं का?"

"माह्यी नजर तिकडं नसते."

"मंग एक दिवस ठेवा ना. तुमाले सगळ्याईचंच दिसते म्हणते लोकं."

१२ डिसेंबर

ठेवली. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, पाळीवर बसून, मातीत रेघा ओढत. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, बी.ए. मराठी झालेला माणूस.

शेणाचे बावन्न पो. त्यातले एकोणतीस पाण्यात किंवा ओल्या काठावर. मुताची गणती सोडून दिली, लेखकालाही मर्यादा असते.

पुनमने फोनवर समजावलं. शेणामुतातलं खत पाण्यात उतरतं. शेवाळ त्याच्यावर पोसतं, पाणी हिरवं होतं. आभाळ आलं, ऊन नसलं की तेच शेवाळ रात्री पाण्यातली हवा ओढून घेतं. मरतं, सडतं, तेव्हाही ओढतं. पहाटे माशांना काही उरत नाही.

लच्छू खरं बोलत होता. हे वाक्य लिहायला दोन कप चहा लागला.

१३ डिसेंबर

खरं बोलत होता, पण मासा हातात घेऊन बोलायची काय गरज होती? नुसतं बोलता आलं असतं.

१४ डिसेंबर

कालचं वाक्य वाचलं. खोडणार नाही. राहू दे तिथे, लाज वाटायला.

६ जानेवारी २०२५

पुनमचं म्हणणं असं — शेणामागे धावू नका, गाय हलवा. गाय जिथे आरामात उभी राहते तिथेच मोकळी होते. सावली आणि पाणी तलावाकाठी, म्हणून गाय तलावाकाठी. सावली आणि पाणी दुसरीकडे नेलं की गाय येईल मागे.

दुसरीकडे म्हणजे वरचा माळ. माझाच आहे, सहा एकर, पण त्याची मागची बाजू जंगलाला लागून. गावात कोणी तिकडे जनावर नेत नाही. गाई तलावात उभ्या राहतात त्याचं अर्धं कारण सावली-पाणी, अर्धं कारण वाघ.

ठरवलं. विहिरीवरून पाइप, माळावर सिमेंटचं टाकं. चार बांबू आणि कापसाच्या पऱ्हाटीचं छप्पर, ती सावली. माळाचे पाच पट्टे, मध्ये विजेच्या झटक्याची तार — रानडुकरांसाठी घेतलेली पडून होती. एका पट्ट्यात तीन दिवस, मग पुढचा, म्हणजे गवत मुळापासून जात नाही आणि शेण एकाच जागी साठत नाही. गाई साडेपाचला गोठ्यात, सूर्य बुडायच्या आत.

आणि तलावाच्या काठापासून वीस पावलं गवत राखायचं. तिथे गाय नाही, विळा नाही. वरून वाहून येईल ते गवताने अडवायचं. वीस पावलं मी स्वतः मोजली. गोपाल, माझा शेजारी, शेताच्या धुऱ्यावरून पाहत होता.

"खुशालभाऊ, मोजणी कायची?"

"तलावाले अंगण देऊन राह्यलो."

हे तो गावभर सांगणार. सांगू दे.

२१ जानेवारी

सांगितलं. पानठेल्यावर आज माझं स्वागत — "या, गाईईले वाघ दाखवाले नेणारे आले." दुसरा म्हणाला, "टाकं बांधलं म्हणे वाघासाठी. जेवणाआधी हात धुवाले." तिसऱ्याने विचारलं की झटक्याची तार गाईला की मला.

बरं होतं. खरंच बरं होतं, वाघाचं हात धुणं मला सुचायला हवं होतं. पण सगळे हसले तेव्हा मी हातात पान धरून तसाच उभा. चुना बोटाला लागलेला. ग्रामसभा आठवली.

३० जानेवारी

टाक्याजवळ ओल्या मातीत ठसे. माझ्या तळहातापेक्षा मोठे. म्हणजे पानठेला खरं बोलला. वनविभागाचा माणूस येऊन प्लॅस्टरचा साचा घेऊन गेला. जाताना म्हणाला, एकटे फिरू नका. मी म्हटलं, दुसरा आणू कुठून?

गाई आता साडेचारलाच आणतो.

१७ फेब्रुवारी

छपराखालचं शेण रोज टोपल्याने उचलून माळाच्या कडेला, जुन्या दगडांच्या रांगेपाशी ढीग लावतो. नीटनेटका, चौकोनी. वर पऱ्हाटी झाकलेली. तलावापासून दोनशे पावलं तरी असेल. एवढा शिस्तीत ढीग तालुक्यात नसेल.

आज लच्छू तिकडून चालला होता, खांद्यावर जाळं. ढिगापाशी थांबला. ढिगाकडे पाहिलं, दगडांकडे, मग खाली तलावाकडे. माझ्याकडे पाहून तोंड उघडलं. मी टोपलं खाली ठेवलं. तीन महिने या तोंडाची वाट पाहतोय.

तोंड मिटलं. गेला.

कौतुक करायचं असेल. जमलं नसेल.

११ मार्च

काठचं गवत गुडघ्याएवढं. पाणी अजून हिरवं आहे, पण पालक नाही — पातळ. उथळात पाय दिसतात. त्यात कमळाची चार पानं. फुलं नाहीत, पानंच.

हे कोणाला सांगावं म्हणून गावात चक्कर मारली. कोणालाच सांगितलं नाही. गाईंना सांगितलं. कबरी नावाची गाय माझं पूर्ण ऐकते, पण तिचं मत ती मागच्या बाजूने देते.

चरवी अजून खुंट्यावर. मी काढत नाही, काढली तर दुसऱ्याच्या वस्तूला हात लावल्यासारखं होईल. आत गांधीलमाशांनी पोळं केलंय. आता कोणी काढायची म्हटली तरी सोपं नाही.

२ एप्रिल

कमळा म्हणाली, "विकून टाका नऊच्या नऊ. या इकडं. नातीसंग खेळा."

"आणि तलाव?"

"तलाव तुमचा हाय का?"

"नाई."

"मंग?"

मी चुलीवरचा भात ढवळला. ती म्हणाली, "येऊ नका. थांबा तिथंच. पण भाताच्या पुढं काही शिजवत जा."

६ मे

दुपारी अवकाळी. गारा, वारा, तासभर धो धो. मी छपराखाली गाईंसोबत.

पाऊस पडताना दगडांच्या रांगेत पाणी धावू लागलं. आधी बोटभर, मग मांडीएवढं. ते दगड शेताची हद्द नाहीत. तो येवा आहे — जंगलातून तलावात पाणी आणणारा जुना ओढा, मालगुजाराच्या वेळचा, वर्षानुवर्षं कोरडा दिसणारा. आणि त्याच्या बरोबर मध्ये माझा तालुक्यातला सर्वात शिस्तीचा ढीग.

चार महिन्यांचं शेण डोळ्यांसमोर गेलं. माझ्या वीस पावलांच्या राखलेल्या गवताला न शिवता, थेट ओढ्याच्या तोंडातून तलावात. फावडं घेऊन आडवा उभा राहिलो. पाण्याने फावडंही नेलं.

सगळं एकट्याने ठरवलं, एकट्याने बांधलं. पाणी कुठून येतं हे ज्याला पाठ आहे तो दोन गल्ल्या पलीकडे राहतो.

८ मे

पहाटे पाळीवर गेलो. तलाव उन्हाळ्याने आटून डोहापुरता उरलेला, तपकिरी. वरून आभाळ. मासे तोंड वर काढून हवा गिळत होते — शेकडो तोंडं, आवाज न करता.

लच्छू डोंग्यात उभा राहून बांबूने पाणी झोडपत होता. पाणी उसळलं की त्यात हवा मिसळते. एकटाच. बाकीचे अजून यायचे होते.

मी गोठ्याच्या दाराची फळी काढली आणि कमरेपर्यंत पाण्यात शिरलो. मारत राहिलो. तो तिकडून, मी इकडून. तासभर, दीड तास. चार-पाच जण आले, तेही शिरले. ऊन निघालं तेव्हा तोंडं खाली गेली. सगळी नाही. बऱ्यापैकी.

लच्छूने मेलेले मासे गोळा केले. माझ्याकडे पाहिलं नाही. मी खांदा धरून घरी आलो, हात वर होत नाही.

९ मे

त्याच्या घरी गेलो. रस्ताभर वाक्य पाठ केलं. "लच्छू, चुकलो." दोन शब्द. मोठमोठी पल्लेदार वाक्यं पाठ असणाऱ्याला जड नाहीत.

दारात तो समोर आला, आणि माझ्या तोंडातून निघालं, "काय मंग, तलावाचं जेवण झालं का?"

तो आत गेला.

रुखमा ओट्यावर तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "खुशालभाऊ, तुमचा ढीग यायनं फेब्रुवारीतच पाह्यला होता. घरी येऊन बडबडले — येव्यात ठेवलं बावा यानं, येव्यात ठेवलं. मी म्हटलं, मंग जाऊन सांगा ना. त म्हणे, त्याले सांगन त तो मंडईले नाटक लिहीन."

मग सूप उचललं. "आता जा. दूध फाटून राह्यलं असन तुमचं."

१० मे

रात्रभर रुखमाने सांगितलेल्या त्या एका वाक्यापाशीच. ज्याला सगळं दिसतं, त्याला कोणी काही दाखवत नाही.

पुन्हा गेलो. या वेळी काही पाठ केलं नव्हतं. दारात उभा राहिलो, तर तोंडात नेहमीचं काहीतरी जमा व्हायला लागलं. गिळलं. म्हटलं, "लच्छू, पाणी कुठून कुठून येते ते मले दाखव. मले नाई माहीत."

त्याने कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि निघाला. मी मागे.

सकाळी सातला निघालो, अकराला परत. जंगलाच्या कडेपर्यंत गेलो, ठसे जुने होते. एक शब्द बोलला नाही. ओढा जिथे फुटतो तिथे कुदळीचा दांडा टेकवायचा. इथून. मग पुढे. इथून पण. माझ्या पाच पट्ट्यांपैकी दोन सरळ येव्यात. टाकं वाचलं, ते चढावर आहे. छप्पर हलवायचं. एके ठिकाणी थांबून त्याने मातीत रेघ ओढली — तार इथपर्यंत, याच्या पुढे गाय नको. मी तिथे दगड ठेवला. त्याने तो दगड उचलून चार बोटं अलीकडे ठेवला.

शेवटी उरलेल्या ढिगापाशी आलो. त्याने हाताने पाळीपलीकडची धानाची बांधी, भाताचं खाचर, दाखवली. तलावाच्या खाली. तिथे नेलेलं तलावात येणार नाही. साधं.

पाणी वरून खाली येतं हे मला शाळेत शिकवलं होतं.

१३ मे

बैलगाडीने ढीग हलवला. तीन दिवस. छप्पर हलवलं.

१८ जून

येव्यातून पाणी येतंय. वाकून हातात घेतलं. गढूळ, मातीचं. शेणाचा वास नाही. दोनदा घेऊन पाहिलं.

२९ जून

गोपालने विचारलं, "यंदा मंडईले काय? गाईचा दुसरा अंक?"

म्हटलं, हवालदार रजेवर गेला.

"मंग काय लिहिसान?"

माहीत नाही. आठ महिन्यांत कोणी नवीन बातमी आणून दिली नाही, मी बिघडवू काय?

चहा अजून दोन कपांचाच होतो. हाताला सवय.

१४ जुलै

लच्छू आला. हातात रिकामं टोपलं. गोठ्याच्या दारात उभा राहून म्हणाला, "दोन टोपले शेण दे."

मी विचारलं, कशाला.

"तलावात टाकाचं हाय. परवा मासोळीचं बीज येऊन राह्यलं. पाणी आता लय साफ झालं, थोडं शेवाळ नाई धरलं त पिल्लं खातीन काय?" मग म्हणाला, "दोनच. तिसरं आणशीन त वापस नेशीन."

तलावात टाकायला. शेण. माझ्या गाईचं. तो मागतोय.

तोंडात एकाहून एक सरस पाच वाक्यं आली. मी टोपलं घेतलं आणि भरायला बसलो.